लिडोच्या वाळूवरील शेजार

टॉमस मान यांची 'व्हेनिसमधील मृत्यू' ही दीर्घकथा १९१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात आणखी एका लेखाची भर घालण्यापूर्वी वाचकांची क्षमा मागणे प्राप्त आहे. पन्नाशी ओलांडलेला कीर्तिमंत जर्मन लेखक गुस्टाव्ह फॉन आशेनबाख, लिडोच्या हॉटेलात त्याच्या दृष्टीस पडलेला टाड्झिओ हा पोलिश मुलगा, शहरात दबक्या पावलांनी शिरलेली महामारी आणि अखेर किनाऱ्यावरील खुर्चीत आलेले मरण, हे कथानक ज्यांनी मूळ पुस्तक उघडलेले नाही त्यांनाही विस्कोंतीच्या १९७१ च्या चित्रपटामुळे ठाऊक झाले आहे. सौंदर्य आणि संयम, कलावंत आणि गृहस्थ, अपोलो आणि डायोनिसस या जोड्यांचा खल अभ्यासकांनी पोटभर केला आहे. तो आम्ही येथे करणार नाही. आम्हांस जर्मन येत नाही. लो-पोर्टरबाईंच्या जुन्या व डेव्हिड ल्यूक यांच्या नव्या इंग्रजी भाषांतरांवर आमची सारी भिस्त. तेव्हा शैलीविषयी बोलण्याचा अधिकारही आम्हांस नाही. आमचे लक्ष आहे ते तिसऱ्या प्रकरणातील एका लहानशा प्रसंगाकडे.

आशेनबाख सकाळच्या वेळी हॉटेलच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसला आहे. शेजारच्या खोपटीपुढे एका रशियन कुटुंबाने बिऱ्हाड मांडले आहे. पुरुष दाढीवाले व मोठ्या दातांचे, बायका सुस्त. बाल्टिककडची एक प्रौढ कुमारिका समुद्राचे चित्र काढते आहे आणि ते साधत नाही म्हणून हळहळते आहे. दोन मुले आहेत, दिसायला वाईट पण स्वभावाने गोड. डोईला रुमाल बांधलेली एक म्हातारी दाई आहे, जिच्या हालचालींत पिढीजात दास्य मुरले आहे. ही मंडळी सुखात आहेत. मुलांना हाका मारावयाच्या, मिठाईवाल्या म्हाताऱ्याशी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये थट्टा करावयाची, एकमेकांचे मुके घ्यावयाचे, आणि कोण पाहते याची फिकीर करावयाची नाही, असा त्यांचा दिनक्रम. एवढ्यात टाड्झिओ येतो. रशियनांवर दृष्टी जाताच त्या देखण्या मुलाचा चेहरा तिरस्काराने विद्रूप होतो. एकदा पाहून त्याचे समाधान होत नाही. तो पुन्हा वळून पाहतो आणि मग खांदा झटकून निघून जातो. प्रसंग एवढाच. पुढे कथेत या तिरस्काराचे काहीही होत नाही. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. पण आम्हांला वाटते, परमुलखातील विहारस्थानी परके लोक परक्यांकडे कोणत्या नजरेने पाहतात याचा जितका पुरावा या एका पानात आहे तितका मोठमोठ्या प्रवासवर्णनांत सापडत नाही.

मुलाच्या तिरस्काराला इतिहास आहे, हे उघड आहे. त्या काळी पोलंड नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते आपसांत वाटून घेतले होते. वॉर्सा व भोवतालचा मोठा मुलूख झारच्या सत्तेखाली होता. १८३० आणि १८६३ हे दोन उठाव चिरडले गेले. दुसऱ्याच्या सुमारास पोलिश स्त्रियांनी राष्ट्रीय सुतक म्हणून काळी वस्त्रे आणि काळे दागिने वापरले, आणि त्यानंतर शाळांतून व कचेऱ्यांतून पोलिश भाषेला क्रमाक्रमाने बाहेरची वाट दाखवण्यात आली. टाड्झिओचे कुटुंब झारच्या प्रजेपैकी असेल, तर लिडोवर येतानाही त्यांच्या खिशात रशियाचेच पारपत्र असणार. म्हणजे ज्यांच्याकडे पाहून मुलाचे ओठ मुडपतात त्यांचेच देशबांधव म्हणून हॉटेलच्या दप्तरात त्यांची नोंद व्हावयाची. चौदा वर्षांचे पोर हे पुस्तकात वाचून शिकत नाही. ते आजीच्या काळ्या साजातून आणि जेवणाच्या वेळी वडीलधाऱ्यांनी अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यांतून शिकते. भाषेचा तंटा शाळेच्या उंबरठ्यावर येऊन बसला म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे बेळगावकडील आमच्या वाचकांना सांगावयास नको.

येथपर्यंत कथेशी आमचे भांडण नाही. ते सुरू होते आशेनबाखपाशी. त्याने ती नजर पाहिली आणि सभ्य गृहस्थाप्रमाणे तोंड फिरवले. पण मनातून तो सुखावला, आणि मान यांनी हे सुख लपवून ठेवलेले नाही. आजवर जे रूप केवळ डोळ्यांना निववीत होते त्याला आता राजकारणाची व इतिहासाची पार्श्वभूमी लाभली. मुलगा वयापेक्षा मोठा, गंभीरपणे घेण्याजोगा वाटू लागला. एका राष्ट्राचे दुःख या रसिकाच्या हिशेबी मुलाच्या गळ्यात घातलेला आणखी एक दागिना झाले.

आता हा रसिक कोण, ते पाहावे. तो सायलीशिया प्रांतात जन्मलेला. हा प्रांत प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४० साली ऑस्ट्रियाकडून बळकावला. आशेनबाखला कीर्ती मिळवून देणाऱ्या ग्रंथांत पहिले नाव येते ते याच फ्रेडरिकच्या गद्य चरित्रकाव्याचे. आणि पोलंडच्या १७७२ च्या पहिल्या वाटणीत मोठा पुढाकार होता तो या फ्रेडरिकचाच. म्हणजे किनाऱ्यावर बसून पोलिश मुलाच्या रागाचा आस्वाद घेणारा हा गृहस्थ पोलंड तोडणाऱ्या राजाचा भाट आहे! त्या नजरेचा तिसरा हिस्सा आपल्या वाट्याचा आहे हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. कथा लिहिली गेली त्याच्या दहाच वर्षे आधी, १९०१ साली, प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्निया या गावी शाळेत जर्मन भाषेत प्रार्थना म्हणावयास नकार दिल्याबद्दल पोलिश मुलांना फटके मारण्यात आले होते आणि त्याचा बोभाटा युरोपभर झाला होता. सुशिक्षित जर्मन लेखकाला हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. तरीही कथेतील मुलगा चिडतो तो रशियनांवर. बाजूच्या खुर्चीतल्या जर्मनाकडे पाहून तो पुढे हसणार आहे.

मान यांना हे जाणवले होते काय? त्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, आशेनबाखचा उपहास ते जागोजागी करतात, आणि फ्रेडरिकचे चरित्र त्यांनी त्याच्या माथी मारले ते सहज म्हणून नव्हे. परंतु रशियन कुटुंबाचे वर्णन वाचले की शंका येते. मोठे दात, सुस्त बायका, दासीची लाचारी ही वर्णने टाड्झिओची नाहीत. मुलगा किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच ती आलेली आहेत. ती निवेदकाची आहेत. या निवेदकाचे पोलंडशी काही देणेघेणे नाही आणि रशियनांनी त्याचे काही बिघडवलेले नाही. त्यांचा त्याला होणारा उपसर्ग एवढाच की, ते मोठ्याने बोलतात, उघड प्रेम करतात आणि संख्येने पुष्कळ आहेत. हा हॉटेलातल्या पाहुण्याचा तिटकारा आहे. मुलाच्या द्वेषाशी त्याचे दूरचेही नाते नाही. कथेची किमया ही की, दोन्ही भावना पाठोपाठ ठेवल्यामुळे मुलाच्या द्वेषाचे वजन या तिटकाऱ्यालाही मिळून जाते. पान उलटताना वाचकाला वाटते, त्या दातांतच काहीतरी दोष असला पाहिजे.

आशेनबाखला शेजारी मुळी सोसतच नाहीत, हेही विसरता कामा नये. व्हेनिसला येण्यापूर्वी तो एड्रिॲटिकमधील एका बेटावर उतरला होता. तेथून तो पळाला तो पावसामुळे आणि हॉटेलात सर्वत्र ऑस्ट्रियन मंडळीच भरली होती म्हणून. तीही त्याच्याच भाषेची, बरे! लिडोच्या हॉटेलात त्याला मोठ्या जगाचे मिश्रण आवडते, आणि त्यात स्लाव्ह लोकांचा भरणा अधिक आहे याची तो शांतपणे नोंद घेतो. विहारस्थानी उतरलेल्या माणसाची ही मनःस्थिती सार्वत्रिक असावी. गाव आपले नाही, समुद्र आपला नाही, खोलीसुद्धा आठवड्याच्या बोलीवर; आणि तरी त्या जागेचा खरा मान राखणारे आपण, बाकीचे उपरे, अशी त्याची खात्री असते. ज्याचे गाव खरोखर आहे तो माणूस या हिशेबात कोठेच नसतो.

आशेनबाख व्हेनिसकरांशी बोलतो ते बहुधा काही हवे असते म्हणून, नाहीतर संशय येतो म्हणून. गोंडोलावाला त्याला ठग वाटतो, गाणारा भाट ओंगळ वाटतो. नाव्ह्याकडून, न्हाव्याकडून, व्यवस्थापकाकडून त्याला खुशामत मिळते, नाहीतर थाप. साऱ्या कथेत एका व्हेनिसकराशी निर्हेतुक थट्टामस्करी करणारी माणसे आम्हांस एकाच ठिकाणी भेटली, आणि ती म्हणजे ही मोठ्या दातांची रशियन मंडळी. मिठाई घेतली, पैसे दिले, व्यवहार संपला, असे ते करीत नाहीत; येत असलेल्या चार इटालियन शब्दांवर ते त्या म्हाताऱ्याबरोबर घटकाभर हसतात. मान यांनी हे वाक्य त्यांचा भाबडेपणा दाखवण्यासाठी घातले असेल. आम्हांला ते त्यांच्या बाजूची साक्ष वाटते.

भारतीय वाचकाने कथेच्या आणखी एका जागी थबकले पाहिजे. पाचव्या प्रकरणात महामारीचा उगम सांगितला आहे. इंग्रज प्रवासी कचेरीतला तरुण कारकून आशेनबाखला खरे काय ते सांगतो: हा पटकीचा आजार गंगेच्या मुखाकडील दलदलीतून निघाला, हिंदुस्थानभर पसरला, इराणात गेला, व्यापारी तांड्यांबरोबर आस्त्राखानला आणि मॉस्कोपर्यंत पोहोचला, तिकडूनच तो जमिनीवरून युरोपात उतरणार या भयाने लोक धास्तावले असता तो समुद्रमार्गे, भूमध्य समुद्राच्या बंदरांतून आला. एकोणिसाव्या शतकातील साथींच्या वाटा पुष्कळशा अशाच होत्या, तेव्हा इतिहास म्हणून यात खोटे नाही. पण आशेनबाखच्या स्वप्नांना ही वाट फार मानवते. प्रवासाची ओढ त्याला प्रथम लागली तेव्हाच बांबूच्या बनात दबा धरून बसलेला वाघ त्याच्या डोळ्यांपुढे आला होता. या नकाशावर रशियाचे स्थान कोठे, हे पाहण्यासारखे आहे. तो आपल्या आणि त्यांच्या मधल्या मुक्कामावर आहे. किनाऱ्यावरचे ते ढिलेढाले कुटुंब म्हणजे पूर्वेची पहिली पायरी. शेवटच्या पायरीवर, दलदलीत, आपण आहोत.

ही आमची कल्पना नव्हे. बारा वर्षांनी, १९२४ साली आलेल्या 'मंतरलेला पर्वत' या मान यांच्याच महाकादंबरीत ती उघड शब्दांत आली आहे. तेथे समुद्र नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरावरील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आहे. पण पाहुण्यांचा संसार तोच. हॅम्बर्गचा हान्स कास्टोर्प तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षे राहतो. भिंतीपलीकडच्या खोलीत एक रशियन जोडपे आहे. त्यांच्या दांपत्यसुखाचे आवाज भिंतीतून ऐकू येतात आणि हा सुसंस्कृत तरुण एकटाच लाजून लाल होतो. त्याचा नात्यातला भाऊ त्यांना रानटी म्हणून मोकळा होतो. भोजनगृहात सात टेबले आहेत आणि त्यांतील दोहोंना साऱ्यांनी नावे देऊन टाकली आहेत: 'चांगले रशियन टेबल' आणि 'वाईट रशियन टेबल'. आणि सेटेम्ब्रिनी हा इटालियन मानवतावादी, प्रगतीचा आणि विश्वबंधुत्वाचा मोठा पुरस्कर्ता, या रशियनांकडे बोट दाखवून तरुणाला बजावतो की हा आशिया आहे, याच्यापासून सावध राहा! विश्वबंधुत्व भोजनगृहाच्या दारापर्यंत. सेटेम्ब्रिनी मनाने थोर आहे, मान यांचे त्याच्यावर प्रेमही आहे. म्हणूनच हा डाग अधिक डोळ्यांत भरतो.

मात्र या कादंबरीत मान पुढे गेले आहेत, हे सांगितले पाहिजे. धाडकन दार आपटणारी क्लावडिया शोशा प्रथम कास्टोर्पचे डोके उठवते. नंतर तो तिच्याच प्रेमात पडतो. वर्षे जातात. तो एकेक टेबल बदलत जातो, आणि ग्रंथाच्या अखेरीस, महायुद्धाचा भडका उडण्याच्या वेळी, तो बसलेला असतो वाईट रशियन टेबलावर, आर्मेनियन, फिनिश, बुखाराकडील आणि कुर्द सोबत्यांच्या पंक्तीला. मान हे सहज, जाता जाता सांगतात. शेजाऱ्याविषयीचा तिटकारा त्याने विचार करून टाकून दिला असे ते म्हणत नाहीत. तो झिजून गेला. हे आम्हांला त्या ग्रंथातील शेकडो पानांच्या वादविवादांहून अधिक पटते.

याच मान यांची रशियन साहित्यावर अपार भक्ती होती. टॉलस्टॉयला गटेच्या बरोबरीने बसवणारा दीर्घ निबंध त्यांनी लिहिला, आणि मृत्यूपूर्वी एकच वर्ष, १९५४ साली, चेकॉव्हवर अतिशय प्रेमाने लिहिले. पुस्तकातला रशियन पूज्य आणि शेजारच्या खोपटीतला रशियन मोठ्या दातांचा, ही फारकत समजून घेण्यासाठी जर्मनीला जावयास नको. आमच्या पिढीतील कित्येकांच्या घरी मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तके असत. गुळगुळीत कागदाचा आणि शाईचा तो वास आम्ही अजून विसरलो नाही. हिमवर्षाव म्हणजे काय हे आम्हांस त्या पुस्तकांनी सांगितले. त्याच पुस्तकांवर वाढलेली माणसे आज मोरजीच्या किनाऱ्यावरून परत येतात आणि 'फार रशियन झाले आहेत हो तिकडे' असे तोंड वाकडे करून सांगतात.

बाजू उलटी करून पाहिली तर? टॉलस्टॉयची 'लुसर्न' ही १८५७ ची कथा याच जातीच्या जागी घडते. सरोवराकाठचे मोठे हॉटेल, सज्जांत श्रीमंत पाहुणे, त्यांत इंग्रज पुष्कळ. एक ठेंगणा भटका गवई खाली उभा राहून अर्धा तास गातो. शंभरेक लोक ऐकतात, आणि टोपी पुढे केल्यावर एकही नाणे पडत नाही. येथे रागावणारा प्रेक्षक रशियन आहे. तो गवयाला हॉटेलात नेऊन शॅम्पेन पाजतो, वाढपी छद्मी हसतात, आणि तो संतापाने भडकतो. कथा म्हणून ती सैल आहे. शेवटची पाने तर प्रवचनच. गवई बिचारा या सत्काराने ओशाळून जातो आणि सुटका कधी होते याची वाट पाहतो, हे टॉलस्टॉयने प्रामाणिकपणे दाखवले आहे. परंतु लिडोच्या कथेत जी खुर्ची रिकामी आहे, ती येथे भरलेली आहे. पाहुण्यांचे आपसांतले हेवेदावे बाजूस सारून या लेखकाने खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले.

शेजारी निघून गेला म्हणजे मात्र त्याच्यावर प्रेम करणे सोपे होते. नीस शहरी रशियनांचे भव्य कॅथीड्रल उघडले ते १९१२ सालीच, म्हणजे मान यांची कथा निघाली त्याच वर्षी. त्यापूर्वी निम्म्या शतकापासून रशियन उमराव तेथे हिवाळा काढीत. चेकॉव्हही क्षयाने खंगलेला असताना तेथे राहून गेला. पाच वर्षांनी क्रांती झाली आणि ते जग बुडाले. फिट्झजेराल्डच्या १९३४ च्या 'टेंडर इज द नाइट' या कादंबरीत त्याच किनाऱ्यावर आता अमेरिकन नांदत आहेत, आणि लेखक दोनचार ओळींत गेलेल्या रशियनांची आठवण काढतो: बंद पडलेली त्यांची पुस्तकांची व वाण्याची दुकाने, त्यांच्यासाठी राखून ठेवलेली गोड शॅम्पेन. ओळी हळुवार आहेत. ते रशियन तेथे असते तर याच अमेरिकनांनी त्यांच्याविषयी काय म्हटले असते, असा दुष्ट प्रश्न आमच्या मनात आला, तो येथे नोंदवून पुढे जातो.

हे जुने कागद आज चाळण्याचे कारण २०२२ साली घडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले. सप्टेंबरात सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि लाखो रशियन देश सोडून बाहेर पडले. तुर्कस्तानात गेले, जॉर्जियात गेले, थायलंडच्या फुकेत बेटावर गेले; काही, जे आधीपासूनच येत होते, गोव्यात अधिक दिवस राहिले. त्याच सप्टेंबरात पोलंड, एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया या चार देशांनी रशियन पर्यटकांना आपल्या सीमा बंद केल्या. टाड्झिओच्या देशाने, एकशेदहा वर्षांनी, खांदा झटकण्याला कायद्याचे रूप दिले. त्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क आम्हांला आहे असे वाटत नाही. ज्यांच्या आजीने काळे दागिने घातले, त्यांनी कोणाला घरात घ्यावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. कीव्हहून पळालेल्या स्त्रीला फुकेतच्या समुद्रात रशियन कुटुंब हसतखिदळत डुंबताना दिसले आणि तिने तोंड फिरवले, तर तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगणाराच असभ्य ठरेल.

पण त्याच किनाऱ्यावर दहावीस वर्षे मुक्काम ठोकून असलेला दुसरा युरोपियन जेव्हा तोच सूर लावतो, तेव्हा कान टवकारले पाहिजेत. दोन हिवाळ्यांपूर्वी मोरजीच्या एका शॅकमध्ये असे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ आम्हांस भेटले. वर्षातले पाच महिने ते पेडण्यात भाड्याच्या खोलीत काढतात. बोलता बोलता युक्रेनचा विषय निघाला आणि त्यांनी दुःखाने मान हलवली. मग मिनिटाभरात गाडी रशियनांच्या मोठ्या आवाजावर आली, त्यांच्या लिपीतल्या पाट्यांवर आली, हसून नमस्कार न करण्यावर आली. पूर्वी येथे काय शांतता होती, या लोकांनी गाव नासवले, असे ते म्हणाले; आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्ही दोघे एका बाजूचे. लज्जेने कबूल करतो, आम्ही मान डोलावली. एका क्षणापुरती आम्हांला बढती मिळाली होती: गंगेच्या दलदलीतून उचलून आम्हांला युरोपच्या सज्जात बसवले गेले होते, खाली आशिया आवाज करीत होता. घरी येऊन जुने पुस्तक उघडले ते या मान डोलावण्याचा ठसका लागल्यामुळे.

शॅकचे मालक मोरजीचेच. ते हे सारे ऐकत होते. रशियनांविषयी त्यांच्याही तक्रारी होत्या, आणि त्या नेमक्या होत्या: टॅक्सीचा धंदा कोणाकडे जातो, दुसऱ्याच्या नावावर उपाहारगृह कोण चालवतो, जमिनीचा भाव कोठे गेला. यांपैकी कशाचाही गोंगाटाशी किंवा दातांशी संबंध नव्हता. साहेब उठून गेल्यावर आम्ही त्यांना विचारले, यांचे काय? त्यांनी खांदे उडवले. "आमकां सगळेच भायले," म्हणाले, आणि पलीकडच्या टेबलावर एका रशियन बाईंना हवे होते ते काय, हे त्यांच्याच भाषेत विचारावयास गेले. बाईंनी उत्तर दिले ते कोकणीत, दोनच शब्द, उच्चार पार चुकलेले. मालक हसले, बाई हसल्या. साहेबांचे मुक्कामाचे हे सोळावे वर्ष होते, आणि आमच्यादेखत तरी त्यांनी मालकांना हाक मारली ती टिचकी वाजवून.

विस्कोंतीचा चित्रपट आम्ही पुन्हा पाहिला. मूळ कथेशी त्याने बरीच मोकळीक घेतली आहे. लेखकाचा संगीतकार केला आहे, आणि काही प्रसंग नको इतके लांबवले आहेत. पण अखेरीस किनारा ओसाड पडू लागतो, महामारीच्या भयाने पाहुणे निघून गेलेले असतात, आशेनबाख रंगवलेल्या केसांनिशी मरणाच्या खुर्चीकडे येतो, आणि त्या वेळी उरलेल्या चार माणसांत एक रशियन स्त्री आहे. ती वाद्यांच्या साथीवाचून मुसोर्गस्कीचे अंगाईगीत गाते. गाणे कोणासाठी आहे हे कळत नाही. आजूबाजूचे लोक खुर्च्यांत बसून ऐकतात, आणि कॅमेरा त्या गाणाऱ्या चेहऱ्यावरून हलण्याची घाई करीत नाही.